लुकिच, सासू झोपली?

पायलट शिडी चढायच्या आधी मला एकच प्रश्न विचारायचे. हवामानाचा नाही, इंधनाचा नाही. हेल्मेट काखेत धरून, नजर दुसरीकडेच लावून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणायचे, "लुकिच, सासू झोपली?"

मी म्हणायचो, "घोरतेय."

मग ते चढायचे. अकरा पायलट होते आणि अकराही जण विचारायचे. माझी नोकरी संपायला दीड वर्ष उरलं होतं आणि त्या प्रश्नाचा मला वीट आला होता.

सासू म्हणजे विमानातलं एक यंत्र. आमचं विमान जागच्या जागी वर चढायचं आणि तसंच जहाजाच्या डेकवर खाली उतरायचं. ज्यांनी ते काढलं ते हुशार असतील, माझी ना नाही. पण उतरताना ते नुसतं इंजिनांच्या झोतावर बसलेलं असायचं, आणि एखाद्या इंजिनाने मान टाकली की दीड सेकंदात उलटं व्हायचं. काय झालंय ते कळायलाच माणसाला दोन सेकंद लागतात. म्हणून बनवणाऱ्यांनी सीटला एक पेटी जोडली होती. उतरताना विमान ठरावीक मापापेक्षा जास्त कललं की पेटी स्वतःच ठरवायची, सीटखालचा बार उडायचा, आणि पायलट सीटसकट काच फोडून बाहेर. विचारणं नाही, सांगणं नाही. आपल्याच घरात आपल्याला न विचारता सगळं ठरवणारी बाई कोण, हे लग्न झालेल्या माणसांना सांगावं लागत नाही. नाव कुणी पाडलं ते ठाऊक नाही, पण चिकटलं.

सासूवर त्यांचा राग उगाच नव्हता. मी या रेजिमेंटमध्ये येण्याआधी दमट हवेत एका तारेने घोटाळा केला होता, आणि सासूने एका मेजरला शहाण्यासारख्या उतरणाऱ्या विमानातून बाहेर भिरकावलं होतं. पाठीचे दोन मणके चेपले. तो नंतर कपड्यांच्या गोदामात बसायचा. दर ऑक्टोबरात पायलट लोकरीचे बूट घ्यायला जायचे तेव्हा तोच त्यांना बूट काढून द्यायचा, एका हाताने टेबल धरून, वाकता येत नाही म्हणून. शंभर व्याख्यानांपेक्षा ते टेबल जास्त बोलायचं.

म्हणून मग माझ्याकडे यायचे. मी प्रोखोर लुकिच, वॉरंट ऑफिसर, काम सीटचं. ऐंशीच्या दशकात उत्तरेच्या आरमाराच्या एका विमानतळावर मी सीट सांभाळायचो. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही, आणि दोन्ही ऋतूंत माणूस सारखाच थकतो. सीटच्या डोक्यामागे एक झाकण असायचं, चार स्क्रूंचं. आत अंगठ्याएवढा प्लग. तो काढला की सासू झोपली. झाकण परत बसवायचं, तार ओवायची, वर शिशाचं सील दाबायचं. माझ्या चिमट्याचा नंबर सदतीस. पायलटला बसल्यावर ते झाकण दिसत नाही. समोर एक दिवा आहे, पण तो प्लग असो वा नसो पेटतोच. दिव्याला फक्त वीज आहे की नाही तेवढंच कळतं.

नियमाने हा गुन्हा होता. पण सगळ्यांना माहीत होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आमच्याकडे जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नसतं. पायलट आपल्या वाट्याचं चॉकलेट माझ्या खिशात टाकून जायचे. ते मला आवडायचं नाही, पण मी खायचो.

असं चार वर्षं चाललं. मग व्हादिम कोरशुन गेला.

व्हादिम शांत माणूस. मासेमारीचा नाद. बर्फात भोक पाडून तासन्तास बसायचा आणि मिळालेला मासा परत सोडायचा, त्यावरून आम्ही त्याला छळायचो. सप्टेंबरात आम्ही जहाजावर असताना एका सकाळी त्याने नेहमीसारखं विचारलं, मी नेहमीसारखं सांगितलं. जहाजाच्या मागच्या बाजूला त्याचं विमान पाण्यावर अधांतरी थांबलं आणि एकदम कूस बदलल्यासारखं वळलं. सीट उडवायचं हँडल त्याने ओढलं. स्वतःच्या हाताने ओढलं, मी बघितलं, सीट बाहेर आली. फक्त तोवर विमान उलटं झालं होतं आणि सीट आकाशात न जाता सरळ पाण्यात गेली.

चौकशीत लिहिलं, पायलटने उशिरा कृती केली. विमान समुद्रात तीनशे मीटर खाली होतं; प्लगबद्दल कुणी विचारलं नाही, माझ्या तपासणीच्या कागदावर 'जोडलेला' होतं तेवढं पुरलं. मी सांगितलं नाही. त्याची बायको लारिसा सामान घेऊन आईकडे वोरोनेझला निघाली तेव्हा तिच्या पेट्यांना खिळे ठोकायला मी गेलो होतो. तिने मला व्हादिमचा थर्मास दिला. "तुम्ही त्याची सीट सांभाळायचात ना," म्हणाली. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. थर्मास अजून माझ्याकडे आहे. त्यातून मी कधी चहा प्यालो नाही.

त्या दिवसापासून मी एकदाही प्लग काढला नाही.

पण विचारलं की "घोरतेय" म्हणत राहिलो. तुम्ही म्हणाल, सरळ नाही का म्हणायचं? नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या पाळीच्या सेर्गेईकडे गेले असते. त्याने चॉकलेटही न घेता काढून दिला असता, तितका तो भला होता. म्हणून खोटं बोललो. त्यांच्या मनात सासू झोपलेली असायची, पाठीमागे ती टक्क जागी, आणि मधे मी. दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांत बघून हे केलं. ज्या दिवशी कुणी उडायचं त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

मग जूनमध्ये ग्लेबची पाळी आली.

कॅप्टन ग्लेब चेर्निख. एकतीस वर्षांचा, देखणा, बडबड्या. बुद्धिबळात हरायला लागला की कोपर लागल्याचं नाटक करून पट पाडायचा. मी डेकवर जाळीजवळ उभा होतो. त्याचं विमान पाण्यावरून सरकत आलं, डेकपासून वीसेक मीटरवर स्थिरावलं, आणि डावा पंख खाली गेला. 'गेला' हा शब्द माझ्या डोक्यात पुरता व्हायच्या आत काच फुटली होती आणि ग्लेब आकाशात होता. डेकवरच्या कंट्रोलरने "उडी मार" म्हणायला माइक तोंडाशी नेला तेव्हा वर पॅराशूट उघडत होतं. विमान पाण्यात आदळलं. मी मटकन डेकवर बसलो. शेजारच्या खलाशाला वाटलं मला काही लागलं. लागलं काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

हेलिकॉप्टरने त्याला अकरा मिनिटांत उचललं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले, उजवा हात फळीला बांधलेला, आणि तो हसत होता.

"मी ओढलं, लुकिच," म्हणाला. "कललं, आणि हात आपले आपणच खाली गेले. दोन्ही हात. हँडलचा गारवासुद्धा आठवतोय मला."

हातमोज्यातून गारवा कसा लागतो, ते मी विचारलं नाही.

"पाठ कशी आहे?" एवढंच विचारलं.

"पाठ ठणठणीत. सासू झोपली होती म्हणून वाचलो. ती जागी असती तर आधीच कुठेतरी भलतीकडे फेकलं असतं तिने."

आमच्या डॉक्टर नीना पाव्लोव्हना. वीस वर्षं पायलटांच्या छात्या ठोकून ठोकून त्या कशानेच चकित व्हायच्या नाहीत. त्यांनी मला बाहेर बोलावून एक्स-रे उजेडात धरला.

"हे बघ. हँडल ओढणाऱ्याचे हात पोटाशी असतात. हा हात विमान वळवायच्या काठीवर होता. सीट वर गेली, हात मागे राहिला."

"म्हणजे त्याने..."

"म्हणजे काही नाही. मी लिहिलंय, उजव्या हाताचं हाड मोडलं. कसं मोडलं ते मला कुणी विचारलेलं नाही. तुला विचारलं?"

"नाही."

"मग चहा पी आणि घरी जा."

चौकशीला तिघे आले. प्लग जोडलेला होता का, असं त्यांनी मला विचारलं. जोडलेला होता, मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी चौकशीत खरं बोललो होतो, आणि तिघांनीही ते नेहमीचं खोटं समजून मान डोलावत लिहून घेतलं. पायलट म्हणतोय मी ओढलं, मग तेच खरं. वीराच्या कागदाला सह्या कमी लागतात. 'पायलटने क्षणार्धात स्वतः निर्णय घेतला' असं लिहून, धुरावलेल्या माशाचं एकेक बोचकं घेऊन ते परत गेले.

आमच्याकडे सीटमुळे वाचलेला पायलट सीटवाल्यांना कोन्याक पाजतो. ग्लेबनेही आणली, पाच ताऱ्यांची, आर्मेनियाची. आमच्या कार्यशाळेत कॅनच्या झाकणांत ओतली. आधी सीटसाठी, मग पॅराशूटसाठी, आणि तिसऱ्यांदा त्याने प्लॅस्टरमधला हात वर केला.

"आणि ही माझ्या हातासाठी," म्हणाला.

सगळे प्याले. मीही प्यालो. कोन्याक चांगली होती, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

का बसलो, ते सांगतो. एक तर भीती. दुसरं म्हणजे रिम्मा, त्याची बायको. ऑगस्टमध्ये बटाट्याच्या रांगेत माझ्या पुढे उभी होती. म्हणाली, "लुकिच, पहिला महिना तो झोपेत ओरडायचा. आता नाही ओरडत. हाताकडे बघतो, मूठ वळतो आणि झोपतो." आता अशा माणसाला जाऊन सांगायचं की बाबा रे, तुझ्या हाताने काही केलं नाही, तो काठीला धरून बसला होता आणि तुला पेटीने सामानासारखं फेकलं? माझ्याच्याने झालं नाही.

हिवाळ्यात हे माझ्या अंगाशी आलं. ग्लेबला उडायची परवानगी नव्हती, म्हणून तो बोलायचा. मेसमध्ये सूप गार होईपर्यंत टेबलावर मूठ आपटून सगळ्यांना पटवायचा, की हात पेटीपेक्षा वेगवान असतो, पेटी भेकडांसाठी आहे, मी स्वतः जिवंत पुरावा आहे. ऐकणारे माना हलवायचे. बुटांच्या गोदामातला मेजर एकीकडे, आणि हा ताडमाड उभा हसरा ग्लेब दुसरीकडे. कुणाचं पटेल? फेब्रुवारीत शेजारच्या रेजिमेंटच्या सीटवाल्याचा मला फोन आला. "काय रे लुकिच, आमची पोरं पण मागे लागलीयत. नेमका कुठला प्लग तो?" मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि फोन ठेवला. पण असले प्लग माणसाला सापडतात.

मे महिन्यात ग्लेबला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उड्डाण होतं, अधांतरी थांबून उतरण्याचं. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हँगरमध्ये एकटा सीट तपासत होतो, तेव्हा तो आला. एक चॉकलेट पंखावर ठेवलं.

"लुकिच, एक काम आहे. रागावू नका. झाकण उघडून दाखवा."

"कशाला?"

"एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो झोपलेली. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. अकरा महिन्यांनी बसतोय, डोक्यात काही राहायला नको."

"उद्या सकाळी झोपवतो."

"आत्ताच झोपवा ना. माझ्यासमोर."

मी पान्ह्याला चिकटलेलं ग्रीस पुसत बसलो. ग्लेब वाट बघत होता. दोन वर्षं आठ महिने मी ज्या क्षणाला चुकवत आलो होतो तो चॉकलेट घेऊन समोर उभा होता, आणि खरं सांगतो, मला भीतीसुद्धा वाटली नाही. पळायचाच कंटाळा आला होता. मी सील तोडलं, चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं.

तो शिडीवर चढून वाकला. "जोडलेला आहे."

"हो."

"काढा मग."

"नाही काढणार."

तो हसला. "म्हातारे झालात, लुकिच. पेन्शनची भीती वाटायला लागली का? असू दे, मी सेर्गेईला सांगतो."

"सांग. पण आधी ऐक. मागच्या जूनमध्ये पण तो जोडलेलाच होता."

"काय जोडलेला होता?"

"हाच. सासू जागी होती. मी तुला घोरतेय म्हणालो, ती घोरत नव्हती."

तो शिडीवरच थांबला. मग म्हणाला, "असेल जागी. पण मी तिच्या आधी ओढलं."

"कुठल्या हाताने?"

"दोन्ही."

"दोन्ही हात हँडलवर होते तर उजवा कसा मोडला?"

त्याने उजवा हात बघितला, मग पाठीमागे नेला, शाळेत पोरं लपवतात तसा. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"कंट्रोलरने माइक उचलला तेव्हा तुझं पॅराशूट उघडलं होतं, ग्लेब. मी तिथे होतो. इतकं चटकन कुणाचा हात जात नाही. तुझा नाही, कुणाचाच नाही. तुझा हात काठीवर होता, कारण तू विमान सावरत होतास. पायलटने तेच करायचं असतं."

"मला आठवतंय," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मला हँडल आठवतंय."

"हो. आठवत असेल."

"तुम्ही माझी कोन्याक प्यालात."

"प्यालो."

"वर्षभर समोर बसून ऐकत होतात. मी मेसमध्ये बरळत होतो आणि तुम्ही सूप पीत होतात."

"हो."

त्याने मला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण योग्य होती. मग शिडीवरून उतरला, थोडं चालला, परत आला.

"बाकीच्यांची?"

"सगळ्यांची जागी आहे. व्हादिम गेल्यापासून."

"आणि व्हादिमची?"

"त्याची झोपवली होती," मी म्हणालो. "मीच. त्याने विचारलं, मी घोरतेय म्हणालो, आणि ती खरंच घोरत होती." हे मी याआधी कधी मोठ्याने बोललो नव्हतो. बोलून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. "तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं, ते तुम्ही जिवंत आहात. त्याला एकट्याला खरं सांगितलं होतं."

ग्लेब निघून गेला. चॉकलेट पंखावरच राहिलं. मी प्लग तसाच ठेवून झाकण लावलं, सील दाबलं. मग बसून हिशेब केला. तो कर्नलकडे गेला तर व्हादिमचं प्रकरण उघडेल, माझ्यावर खटला होईल. होऊ दे. पण तो सेर्गेईकडे गेला तर? रागात माणूस तेच करतो. मी त्याच्या हाताचा अभिमान काढून घेतला होता, आता तो परत मिळवायला सासू झोपवून उडेल, आणि उद्या डावा पंख परत खाली गेला तर मी पुन्हा कुणाच्या तरी पेट्यांना खिळे ठोकत असेन. घरी बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, दात दुखतोय.

सकाळी सहाला मी विमानापाशी होतो. आधी सील बघितलं. सदतीस. चिमटा माझा, तारेचा पीळ माझा. सेर्गेईला विचारलं, काल कुणी आलं होतं? नाही म्हणाला.

आठ वाजता पायलट आले. त्या दिवशी चौघे उडणार होते, आणि बाकीचे ग्लेबसाठी आले होते. परत बसणाऱ्याला बघायला सगळे येतात, तशी रीतच आहे. कर्नलही आले होते, कोटाची कॉलर वर करून, लांब गाडीला टेकून उभे. ग्लेब सगळ्यांत शेवटी आला. हेल्मेट काखेत. रात्रभर झोपला नव्हता, ते तोंडावरून दिसत होतं. मी शिडी धरून उभा होतो. माझ्याकडे न बघता तो सरळ शिडीपाशी आला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला.

मग तो वळला, आणि जे आजवर कुणी मोठ्याने विचारलं नव्हतं ते त्याने सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"लुकिच, सासू झोपली?"

कर्नलांनी मान वळवली. पायलटांपैकी एकजण खाकरला, अशी गोष्ट चारचौघांत काढतात का, अशा अर्थाने. ग्लेब माझ्या डोळ्यांत बघत होता. मला कळलं की 'घोरतेय' म्हणालो तर तो मान हलवून चढेल, कालचं कधी घडलंच नाही असं होईल, त्याचा हात त्याला परत मिळेल आणि मला माझं पेन्शन. मला ती सोय करून देत होता की माझी परीक्षा घेत होता, हे मी नंतरही त्याला विचारलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "जागी आहे."

ग्लेबने उजव्या हाताची मूठ वळली, उघडली. हातमोजा चढवला. "असू दे," तो तितक्याच मोठ्याने म्हणाला. "गेल्या खेपेसही जागीच होती. तिनेच काढलं मला. मी नुसता काठी धरून बसलो होतो." आणि तो शिडी चढला.

कुणी हसलं नाही. मी त्याच्या मागून चढलो, खांद्याचे पट्टे आवळले, सीटच्या सुरक्षेच्या, लाल फिती बांधलेल्या पिना एकेक करून काढून त्याला दाखवल्या.

"व्हादिमच्या बायकोला लिहा," तो हळू म्हणाला. "तिला वाटतंय त्याने उशीर केला. त्याने उशीर केला नव्हता."

"लिहितो."

"माझंही नाव घाला. मागणाऱ्यांत मी पण होतो."

मी काच बंद करून खाली उतरलो. चोवीस मिनिटांनी तो परत आला, धावपट्टीवर अधांतरी थांबला, आणि एखाद्या वयस्क माणसाने खुर्चीत बसावं तसा सावकाश उतरला. त्या चोवीस मिनिटांत कर्नल माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. ते वर बघत होते, मीही वर बघत होतो.

"काय लुकिच, गेल्या जूनच्या कागदावर काय आहे? प्लग जोडलेला?"

"जोडलेला, कॉम्रेड कर्नल."

"मग कागद बरोबर आहे."

"सप्टेंबरच्या कागदावरही जोडलेला लिहिलंय. कोरशुनच्या. तो बरोबर नाही."

त्यांनी कोटाची कॉलर आणखी वर केली. मग म्हणाले, "संध्याकाळी माझ्याकडे या. लेखी घेऊन या." आणि गाडीकडे गेले. पुढे जे व्हायचं ते झालं. हुद्दा गेला, पेन्शन निम्मं झालं, आणि लारिसाचं उत्तर आलं नाही. त्यातल्या कशाचीही तक्रार नाही.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं. ग्लेबनंतर उडणारा पायलट शिडीपाशी आला. मी शिडी धरली. तो थांबला, तोंड उघडलं, सवयीने. मग मिटलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता चढला.